वल्ह्याच्या पात्यावरचा निळा

१

भिंतीवर फोटो उमटला आणि अर्ध्या सभागृहानं टाळ्या वाजवल्या. उरलेल्या अर्ध्यातून एकच आवाज आला.

“खोटं आहे! मी पुढे होते!”

आवाज बारकीचा होता. हे नाव आत्यानं तिला ती पाळण्यात असताना ठेवलं होतं. आता तिचे खांदे बघून लोक दारातून बाजूला होत, पण नाव काही सुटलं नव्हतं. ती पुढच्या रांगेत ताठ उभी होती, केस अजून ओले, चेहरा लालबुंद.

राष्ट्रीय संघात एकच जागा होती, आणि ती ठरवण्यासाठी आजची नौकांची शर्यत होती. तळ्यातल्या बेटाला वळसा घालायचा आणि परत धक्क्याशी यायचं. सगळ्यांना सारखी संधी मिळावी म्हणून नौका संघटनेच्या, एकसारख्या पांढऱ्या. बनियन आणि टोप्याही पांढऱ्या. आपली म्हणून प्रत्येकीकडे फक्त वल्ही. दुसऱ्याचं वल्हं हाताला कधीच नीट बसत नाही, म्हणून ती सूट होती. वल्ह्याच्या पात्याचा रंग हीच तेवढी ओळख. बारकीच्या क्लबची पाती पिवळी. समोरच्या क्लबची निळी, आणि ती निळी वल्ही मारत होती त्यांची कप्तान, बारकीच्याच उंचीची आणि बारकीइतकीच हट्टी मुलगी.

दोघी शेवटपर्यंत बरोबरीनं आल्या. कललेलं ऊन पाण्यावरून थेट डोळ्यांत येत होतं. धक्क्यावरच्या दोन पंचांपैकी एकानं पिवळी म्हटलं, दुसऱ्यानं निळी. मग सगळी भिस्त फोटोवर आली. आणि आता भिंतीवर, रेषेला आधी टेकलेल्या नौकेच्या दोन्ही बाजूंना झकास निळी पाती चमकत होती.

“बाळ, फोटो सगळ्यांसमोर आहे,” संघटनेचे चिटणीस मऊ आवाजात म्हणाले. “खेळात हरणंही शिकावं लागतं.”

अध्यक्षबाई व्यवसायानं डॉक्टर. रडणाऱ्या माणसाचं आधी ऐकून घ्यायचं ही त्यांची सवय. “उद्या दुपारी नाव पाठवायचंय,” त्या म्हणाल्या. “सकाळी सभा घेते. काही सांगण्यासारखं असेल तर तेव्हा सांग. नसेल तर कप्तानचं नाव जाईल.”

शेवटच्या रांगेत आत्या संत्रं सोलत बसली होती. विमा कंपनीत ती आयुष्यभर ठोकरलेल्या गाड्यांचे फोटो तपासत आली होती. खरा पोचा कुठला आणि हातोडीनं पाडलेला कुठला, हे तिला झोपेतही कळलं असतं असं तिचे साहेब म्हणायचे. तिला स्वतःला मात्र कधीच तशी खात्री वाटली नाही. प्रत्येक फाइल मिटताना तिच्या पोटात गोळा यायचा.

बाहेर जिन्यात तिनं बारकीच्या हातावर संत्र्याची फोड ठेवली. “तू पुढे होतीस हे तुला कसं ठाऊक? डोळ्यांत ऊन होतं ना?”

“आत्या, आम्ही उलटं तोंड करून वल्हवतो! जी मागे पडते ती पुढचीला दिसते. शेवटच्या हाताला कप्तान मला दिसत होती. अख्खी दिसत होती!”

आत्यानं उरलेलं संत्रं रुमालात बांधलं.

“मग फोटो खोटं बोलतोय,” ती म्हणाली. “आणि फोटोला आपणहून खोटं बोलता येत नाही. त्याला कुणीतरी शिकवावं लागतं.”

२

फोटोग्राफरचं दुकान लहान होतं आणि माणूस मोठा, त्यामुळे आत शिरलेल्याला कुठं उभं राहावं ते कळत नसे. तो संगणकासमोर एका सोफ्याचा रंग बदलत बसला होता.

“गिऱ्हाईक बाईंना अभ्रे बदलायचेत,” त्यानं सांगितलं. “आधी फोटोत बघणार, मग नवऱ्याला सांगणार. कालपासून पाच रंग झालेत. नवरा बिचारा अजून तांबड्यावरच बसलाय.”

“कसं करतात हो हे?” आत्यानं विचारलं.

विचारायचाच अवकाश होता. त्यानं सोफ्याच्या कडेनं रेघ फिरवून तेवढाच भाग निवडला, एक पट्टी सरकवली, आणि तांबडा सोफा हिरवा झाला. उशी तशीच राहिली, भिंतही तशीच राहिली.

“आणि पिवळ्याचा निळा?”

“ते जरा किचकट.” त्यानं पडद्यावर एक पिवळी बादली आणली आणि पट्टी सरकवली. बादली निळी झाली खरी, पण न्हाणीघरातल्या फरशीसारखी फिकट. “बघा. पिवळा मुळातच उजळ, निळा गडद. नुसता रंग फिरवून भागत नाही, अंधारही घालावा लागतो. आणि कुठला निळा पाहिजे तो आधी दाखवावा लागतो. एखाद्या चित्रातून तो टिपायचा आणि इथं ओतायचा. घिसाडघाईचं काम नाही हे. मन लावून करावं लागतं.”

“तुम्हाला येतं म्हणजे.” बारकी दातओठ खात म्हणाली.

“अगं, येतं म्हणून काय मी सगळ्यांना रंगवत सुटतो?” तो खुर्चीत वळला तशी खुर्ची कण्हली. “शर्यत संपली आणि धक्क्यावरच चिटणीसांचा शिपाई कॅमेऱ्यातलं कार्ड घेऊन गेला. उन्हात कॅमेऱ्यावर काय दिसतंय? मी तो फोटो पहिल्यांदा बघितला तो तुमच्यासारखाच, भिंतीवर. कार्ड परत आलं ते कोरं. दरवर्षी कोरंच करून देतात, त्यात नवीन काही नाही.”

“भिंतीवर बघून काय वाटलं?”

तो जरा लाजला. “खरं सांगू मावशी? मीच खूश झालो. दिवसभर भिंगातून बघत होतो तेव्हा त्या पात्यांचा रंग काही खास वाटला नव्हता. म्हटलं, वा! आपल्या हातून इतका झकास निळा आला!”

आत्यानं पुढं काही विचारलं नाही. चिटणीसांच्या कचेरीतून आलेल्या त्या फोटोची प्रत तेवढी तिनं मागून घेतली. दुकानाच्या पायरीवर बारकीनं तिचा दंड धरला.

“याच्याकडे यंत्र आहे, हातही आहे. यानंच केलं.”

“असेल,” आत्या म्हणाली. “कार्ड वर चिटणीसांच्या कचेरीत गेल्यावर तिथं कोण कोण बसलं होतं?”

बारकी थबकली. तिचा आवाज खाली आला.

“चिटणीस. आणि निळ्यांचा कोच.”

३

निळ्या क्लबचा कोच होड्यांच्या शेडमध्ये जमिनीवर फतकल मारून एका नौकेला वंगण लावत होता. त्यानं वर बघितलं, बारकीला ओळखलं आणि पुन्हा वंगणाकडे वळला.

“बसलो होतो वर. चहा प्यायलो. साखर कमी होती. अजून काही?”

“फोटो तुमच्यासमोर उतरवून घेतला?”

“चिटणीस त्यांच्या यंत्रापुढे, मी खिडकीपाशी. त्यांनी मला नंतर हाक मारून दाखवला. मी म्हटलं, जिंकलो! आणि खाली पोरींना सांगायला पळालो.” तो हात पुसत उठला. “बाई, मला मोबाइलवर फोटो उघडता येतो, बंद करता येत नाही. माझी मुलगी मला हसते. मी फोटोत रंग भरणार?”

“खरे रंग कोण भरतं मग?” आत्यानं कोपऱ्याकडे मान केली. तिथं वल्ही उभी करून ठेवली होती.

“ते मीच.” त्याच्या आवाजातला चिडखोरपणा एकदम कुठं गेला कोण जाणे. “पाती घासायची, भरायची, रंगवायची, सगळं मीच. आपला जुना निळा मिळायचा बंद झाला. शेवटच्या डब्यात तळाला राहिलेला, त्यात या शेडच्या दरवाज्याचा हिरवा मिसळला. गेल्या वर्षीपासून हाच चाललाय. पोरी नाकं मुरडतात. मी म्हणतो, पाण्याला रंग कळत नाही, जोर कळतो.”

आत्यानं एक पातं हातात घेऊन उजेडात धरलं. मोरचुदासारखा, जरा मळकट, हिरवट निळा. ती बराच वेळ बघत राहिली. आपल्याला वाटतंय ते खरंच दिसतंय, की बारकीसाठी दिसायला हवं म्हणून दिसतंय? तिनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. रंग तोच.

तेवढ्यात मागून कप्तान आली. दोघी मुलींनी एकमेकींकडे बघायचं टाळलं.

“तुला काय वाटतं गं?” आत्यानं तिला विचारलं. “कोण पुढे होतं?”

कप्ताननं बुटाच्या टोकानं जमीन खरवडली. “शेवटी शेवटी मी डोळे मिटून घेते, काकू. फोटोत मी पुढे आहे म्हणतात. मग असेन.” आणि मग हळूच, “पण जिंकल्यावर जसं वाटतं ना, तसं काही वाटलं नाही.”

कोचनं तिच्याकडे वळून बघितलं.

४

चिटणीसांची कचेरी वरच्या मजल्यावर होती. त्यांच्या गुडघ्यांना धक्क्याच्या शेवाळलेल्या पायऱ्या झेपत नसत, म्हणून ते तळं खिडकीतूनच बघत. भिंतभर त्यांनी स्वतः संगणकावर बनवलेली शर्यतींची भित्तिपत्रकं होती. एकेका चित्रात आकाश इतकं देखणं की तसं आकाश त्या गावानं कधी बघितलं नसेल.

“आपण केलीत ही?” आत्यानं कौतुकानं विचारलं, आणि कौतुक खरंच होतं.

“बसल्या बसल्या शिकलो, ताई. संघटनेकडे चित्रकार ठेवायची ऐपत नाही.” ते संकोचानं हसले. “भाचीबद्दल वाईट वाटतं. पण फोटोपुढे मी तरी काय करणार?”

“ते बरोबरच आहे. मूळ फोटो असेल ना?”

“तोच मूळ.” उत्तर जरा लवकर आलं.

टेबलामागे काचेच्या चौकटीत एक जुनं निशाण होतं, खोल, स्वच्छ निळं. आत्याची नजर तिकडे गेलेली बघून चिटणीस खुर्चीतून उठले. गुडघे दुखत असूनही उठले.

“मी या निळ्याखाली वल्हवायचो. आमच्या वेळी निवड अशीच एका जागेवर आली होती. माझं नाव राहून गेलं.” त्यांनी काचेवरची नसलेली धूळ पुसली. “आमच्या क्लबमधून कुणी अजून राष्ट्रीय संघात गेलेलं नाही. या निळ्याला तोड नाही, ताई. पाण्यावर हा रंग दुरून ओळखू येतो. संघटनेच्या कागदांवर क्लबची चिन्हं आहेत ना, त्यातही मी अगदी हाच निळा घातलाय. कणाचा फरक नाही.”

“खरंच सुरेख आहे,” आत्या म्हणाली.

खाली उतरता उतरता तिनं पर्समधली फोटोची प्रत पुन्हा एकदा काढून बघितली. रस्त्याला लागल्यावर ती थांबली.

“बारके, उद्या सभेला वल्ही आणायची.”

“माझी?”

“तुझी कशाला? कप्तानची. तिलाच सांग आणायला.”

“ती कशाला आणेल? तिच्याच विरुद्ध?”

“आणेल,” आत्या म्हणाली. “तिला काही वाटलं नाही म्हणाली ना, म्हणून आणेल.”

५

कप्ताननं वल्ही आणली. खांद्यावर टाकून, सगळ्यांच्या देखत, सभागृहाच्या मधोमध चालत आली आणि अध्यक्षबाईंच्या टेबलावर आडवी ठेवली. कोच तिच्यामागे, कपाळाला आठ्या घालून. भिंतीवर फोटोग्राफरनं कालचाच फोटो लावला होता.

आत्या बोलायला उभी राहिली. एवढ्या लोकांसमोर ती कधी बोललीच नव्हती. तिनं पाण्याचा घोट घेतला आणि थेट चिटणीसांकडे वळली.

“मला आधी एवढंच सांगा, साहेब. ही वल्ही कुठल्या क्लबची?”

चिटणीसांनी टेबलाकडे वाकून बघितलं. “पोरीनं कुठल्या तरी बाहेरच्या क्लबची उचलून आणलेली दिसतात. आमची नक्कीच नाहीत. हा कसला मळका रंग? याला निळा म्हणतात?”

“ओ!” कोच ताडकन उठला. “मळका काय म्हणता? माझ्या हातचा रंग आहे! गेल्या वर्षीपासून सगळी वल्ही याच रंगाची आहेत. कधी खाली येऊन बघितलंत तर कळेल ना!”

कुणीतरी खुदकन हसलं. चिटणीस हसले नाहीत. त्यांनी भिंतीवरच्या फोटोकडे बघितलं आणि लगेच नजर काढून घेतली. पण अध्यक्षबाईंची नजर तिथंच राहिली.

“फोटोतली पाती अशी नाहीत,” त्या सावकाश म्हणाल्या.

“ऊन होतं, डॉक्टरबाई,” चिटणीस सावरून म्हणाले. “पाणी होतं. ओलं झालं की रंग खुलतो. कॅमेऱ्याचं असंच असतं, कुणालाही विचारा.”

सभागृहात कुजबुज झाली. म्हणणं पटण्यासारखं होतं. बारकीनं आत्याकडे बघितलं, आणि आत्याला त्या नजरेत राष्ट्रीय संघातली ती जागा दिसली, हातातून निसटत असलेली.

“मला वाटलंच होतं तुम्ही हे म्हणाल,” आत्या म्हणाली. “मीही रात्रभर स्वतःला हेच म्हणत होते. जरा फोटो मोठा करा हो. नौका नकोत. मागचा धक्का दाखवा.”

फोटोग्राफरनं फोटो मोठा केला. धक्क्यावरच्या गर्दीच्या पायांशी, जरा पुसट, उभ्या दांड्यांची ओळ दिसू लागली. वरची टोकं रुंद, मोरचुदाच्या रंगाची.

“हे काय आहे?”

“कठड्याचे गज,” चिटणीस म्हणाले.

“कठड्याचे गज काळे आहेत. खिडकीतून बघा.”

“ती आमच्या छोट्या मुलींची वल्ही आहेत,” कप्तान म्हणाली. तिचा आवाज स्वच्छ होता. “त्यांची शर्यत आधी झाली. पाण्यातून काढून तिथंच टेकवली होती. ओलीच होती.”

आत्यानं टेबलावरचं एक वल्हं दोन्ही हातांनी उचलून भिंतीशी धरलं. फोटोतल्या धक्क्यावरची पाती आणि हातातलं पातं एकमेकांत मिसळून गेली. पुढच्या नौकेची पाती मात्र निशाणासारखी निळी होती.

“तेच ऊन, तेच पाणी, तोच कॅमेरा आणि तोच क्षण,” ती म्हणाली. “एकाच डब्यातल्या रंगाची पाती धक्क्यावर मळकट आणि नौकेवर झकास कशी? नौकेवरचा निळा नंतर घातलाय. खाली पिवळा होता. आणि मागच्या नौकेच्या मळकट निळ्यावर पिवळा चढवलाय.”

गदारोळ झाला. अध्यक्षबाईंनी हात वर केला. “हे कोणी केलं असेल?”

“ज्यांना करता आलं असतं असे तीनच. फोटोग्राफर भिंगातून दिवसभर ही पाती बघत होते. कोचनी तर तो रंग स्वतः कालवलाय. पिवळ्याचा निळा करायचा, तर दुसरी नौका त्याच फोटोत होती. तिच्यावरचा निळा उचलायचा आणि इकडे ओतायचा, झालं काम. पिवळा असाच उचललाय, तो हुबेहूब आहे. निळा मात्र उचलला नाही. का? कारण करणाऱ्याला वाटलं की फोटोतला निळाच चुकलाय. त्याच्या मनात एकच निळा होता, आणि तो त्यानं कागदावरच्या चिन्हातून आणला. ज्यांना ही वल्ही माहीत होती, त्यांच्या हातून ही चूक झालीच नसती.”

सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळल्या.

 चिटणीसांनी टेबलावरच्या पात्यावरून बोट फिरवलं, जणू रंग हाताला लागतोय का ते बघत होते.

“मला वाटलं, उन्हानं रंग मारलाय,” ते म्हणाले. “असा मळका निळा आपला असूच शकत नाही. म्हटलं, निदान रंग तरी नीट देऊ.”

“मूळ फोटो?” अध्यक्षबाईंनी विचारलं.

“आहे.” त्यांचा आवाज अगदी लहान झाला होता. “पुसायला हात धजला नाही. चांगला फोटो आहे तो.”

६

आणि खरंच चांगला होता. भिंतीवर तो उमटला. उन्हानं पेटलेलं पाणी, आणि रेषेला टेकलेल्या नौकेच्या दोन्ही बाजूंना पिवळीधमक पाती, थेंब उडवत. मागे हातभर अंतरावर मोरचुदी निळा. मग जो आवाज उठला त्यानं खिडक्यांच्या काचा थरथरल्या.

अध्यक्षबाईंनी चिटणीसांकडून कचेरीच्या किल्ल्या मागून घेतल्या आणि बाकीचं नंतर बघू म्हणून सांगितलं. मग त्यांनी तिथंच, सगळ्यांसमोर, राष्ट्रीय संघासाठी बारकीचं नाव लिहिलं आणि सही ठोकली. बारकीला रडू आलं. आपण रडत नाही हे दाखवायला ती फोटोग्राफरच्या पाठीत धपाटे घालत सुटली.

“मला का मारतेस? मी काय केलं?”

“संशय घेतला तुमच्यावर!”

“मग मी मारायला पाहिजे ना?”

कोच आत्यासमोर येऊन उभा राहिला. हरलो होतो आपण, हे त्याला आता कुठं उमजत होतं. “बाई,” तो म्हणाला, “रंग खरंच इतका वाईट आहे?”

“तुमच्या रंगानंच न्याय केला,” आत्या म्हणाली. “डबा बदलू नका.”

त्याची छाती इंचभर फुगली.

कप्तान बारकीपाशी गेली. तिनं हात पुढे केला नाही. सरळ बारकीला कमरेत धरून उचललंच.

“डोळे उघडे असते ना, तरी तू मला दिसली नसतीस,” ती म्हणाली. “पुढे होतीस तू. पुढच्या वर्षी तू मला दिसणारेस, लक्षात ठेव.” आणि मान वळवून ओरडली, “ए, बघत काय बसलात? जिंकलेल्याला पाण्यात कोण टाकणार?”

निळ्या क्लबच्या मुली धावल्या, पिवळ्याही धावल्या. हात, पाय, दंगा, किंकाळ्या, आणि बारकी सगळ्यांच्या डोक्यांवरून जिना उतरून धक्क्याकडे निघाली. मागून अख्खं सभागृह. आत्या कठड्याला टेकून बघत होती. बारकी पाण्यात पडली तेव्हा उडालेलं पाणी तिच्या चष्म्यावर आलं, आणि तिनं तो पुसला नाही. आयुष्यात पहिल्यांदा तिची एक फाइल मिटली होती आणि पोटात गोळा आला नव्हता.

पाण्यातून बारकीचं डोकं वर आलं. तिनं तोंडातलं पाणी उडवलं आणि धक्क्याकडे बोट दाखवलं.

“अरे, मी तर नुसती वल्हवत होते! शर्यत जिंकली ती तिकडे उभी आहे!”

मुलींच्या माना एकदम वळल्या. आत्यानं एक पाऊल मागे घेतलं. मागे कोच होता.

“अगं बाई, नको हां,” आत्या म्हणाली. “माझं वय बघा. मला पोहता येत नाही. बारके, सांग ना त्यांना!”

कप्ताननं मोठ्या अदबीनं हात पुढे केला.

“कमरेएवढंच पाणी आहे इथं. आणि आम्ही सगळ्या आहोत ना,” ती म्हणाली. “काकू, तेवढी पर्स कुणाकडे तरी द्या.”